अनुवादकाच्या नावाचा पुरस्कार

पुरस्कारांच्या बातम्या मी वाचते आणि विसरते. फ्रान्स हेसेल पुरस्कार मात्र डोक्यातून जाईना. बर्लिनजवळची गेन्सहागन संस्था आणि लिओं शहरातली व्हिला जिले यांनी २०१० मध्ये तो सुरू केला. फ्रेंचमध्ये लिहिणारा एक लेखक, जर्मनमध्ये लिहिणारा एक, प्रत्येकी १०,००० युरो. अट एवढीच, की समोरच्या भाषेत त्याचं लेखन अजून गेलेलं नसावं. ही अट मला फार आवडली. आपल्याकडं ज्याच्या गळ्यात चार हार, त्यालाच पाचवा!

पण ज्याच्या नावानं हा पुरस्कार आहे, तो हेसेल कोण? सिनेमावेड्यांना तो ‘ज्यूल ए जिम’मधला ज्यूल म्हणून ठाऊक, ते पात्र त्याच्यावरूनच घेतलंय. मला तो अनुवादक म्हणून जवळचा वाटतो. वॉल्टर बेन्यामिनच्या जोडीनं त्यानं प्रूस्तच्या महाकादंबरीचे दोन भाग जर्मनमध्ये आणले. प्रूस्तची ती लांबलचक वाक्यं! नुसती वाचतानाच दम लागतो. हेसेल जन्मानं ज्यू, त्यामुळं नाझींच्या जर्मनीत त्याला जागा उरली नाही. १९३८ मध्ये तो पॅरिसला गेला. युद्ध पेटल्यावर फ्रान्सनं त्याला शत्रुदेशाचा माणूस ठरवून ले मिलच्या छावणीत कोंडलं. १९४१ च्या जानेवारीत सानारी गावी तो वारला. ज्या दोन भाषांमध्ये तो आयुष्यभर ये-जा करत राहिला, त्या दोन्ही देशांनी त्याला असं वागवलं.

म्हणूनच मला खटकतं. नाव अनुवादकाचं आणि पैसे दोन्ही लेखकांना! पुस्तक पलीकडे नेणाऱ्याच्या हातात या पुरस्कारातून काहीच पडत नाही. लेखकांना द्यावेतच, नवं नाव पुढं येतं. पण तिसरा वाटा अनुवादकाचा ठेवला असता तर हेसेलच्या नावाला जास्त शोभलं असतं.

हे मला एवढं लागतं त्याला कारण आहे. आमच्या बेळगावच्या घरात चुलीपाशी कन्नड, सोप्यात मराठी. एकदा मी एक कन्नड कथा मराठीत केली. अडलेला प्रत्येक शब्द सासूबाईंना विचारला. भाजी निवडता निवडता त्या अर्थ सांगायच्या. कथा एका अंकात आली, मूळ लेखकाच्या नावासकट. माझं नाव नव्हतं. मी काही बोलले नाही.

सासूबाईंना मराठी वाचता येत नसे. त्यांनी अंक हातात घेतला, पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “यात तुझं नाव कुठलं गं?”