प्रेमचंद समजावून सांगणारी आई

मॅट्रिकला असलेला एक मुलगा. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात, त्यामुळे आज या गावी तर उद्या त्या गावी बिऱ्हाड. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मिडलच्या परीक्षेत एकदा नापास झालेला. आई गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलेली. वाचता वाचता तिचे डोळे भरून येतात, आणि मग ती मुलाला समोर बसवून या गोष्टीतलं दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगू लागते. पुढच्या पानावर तिला हसू फुटतं, तर त्या हसण्याचं मर्मही ती तितक्याच हौसेने समजावते. मुलगा ऐकायच्या मनःस्थितीत आहे का, याची तिला फिकीर नाही.

हा मुलगा म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, श्योपूर. वडील माधवराव, आई पार्वतीबाई. आई बुंदेलखंडातली, ईसागढची. शिक्षण बरंचसं उज्जैनला आणि १९३८ साली बी. ए. आमच्या इंदूरच्या होळकर कॉलेजातून. भंवरकुआँकडे जाताना रस्त्यालगत तो परिसर लागतो. त्याच्या फाटकातून एके काळी हा सडपातळ मराठी मुलगा हिंदी कविता मनात घोळवत आत-बाहेर करत होता, हे तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल? पुढे हिंदी कवितेची दिशा बदलणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं गेलं. त्या कवितेबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला बोलायचं आहे ते त्यांच्या दोन छोट्या गद्य लेखांबद्दल. एक, ‘मेरी माँ ने मुझे प्रेमचंद का भक्त बनाया’. दुसरा, १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या हिंदी कवितासंकलनातलं त्यांचं वक्तव्य. शाळकरी आणि कॉलेजच्या वयात माणूस वाचायला कसा शिकतो, लिहायला कसा लागतो आणि त्यात कसा घडत जातो, हे इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या सच्चेपणाने सांगणारं लेखन मला फार कमी आढळलं आहे.

आईवरचा लेख सुरू होतो एका फोटोपासून. प्रेमचंद आणि जयशंकर प्रसाद शेजारी शेजारी उभे आहेत. प्रसाद गंभीर, ओठांवर अगदी बेताचं स्मित. प्रेमचंदांचं हसू ओठांआड राहिलेलं. मुक्तिबोधांची नजर चेहऱ्यांवरून थेट खाली पायांकडे जाते. प्रेमचंदांचा बूट फाटला आहे, आणि बोटं त्या कैदेतून बाहेर येऊन मजेत मोकळी हवा खात आहेत. (प्रेमचंदांच्या फाटक्या बुटावर हरिशंकर परसाईंचाही एक गाजलेला लेख आहे, त्यातला फोटो वेगळा, त्यात प्रेमचंदांबरोबर त्यांची पत्नी आहे.) परसाई त्या बुटाकडे पाहून अस्वस्थ होतात, स्वतःला आणि काळाला बोचऱ्या शब्दांत प्रश्न विचारतात. मुक्तिबोधांच्या ओळींत मात्र एक आनंद आहे. फाटक्या बुटातली बोटं त्यांना सुटलेली दिसतात, लाजलेली दिसत नाहीत. गरिबीचं वर्णन करताना गळा काढायचा नाही आणि तिला देव्हाऱ्यातही बसवायचं नाही, हा तोल दोन-तीन वाक्यांत साधला आहे. आणि लगेच पुढे ते सांगतात की हा फोटो त्यांनी आईला दाखवला, आणि आई खूश झाली. लेखकाचा चेहरा पाहून खूश होणारी आई! ज्याच्या गोष्टींनी आपण रडलो-हसलो तो माणूस दिसतो तरी कसा, ही तिची उत्सुकता. एवढ्या एका तपशिलातून ही बाई आपल्यासमोर उभी राहते.

तिच्या लेखी मोलाचे कादंबरीकार दोनच. एक हरिभाऊ आपटे, दुसरे प्रेमचंद. आपट्यांच्या कादंबऱ्यांत तिची सर्वांत आवडती ‘पण लक्षात कोण घेतो’. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि यमूची ही कहाणी त्यातून क्रमशः आली. सगळी कहाणी यमूच्याच तोंडून. शंकरमामंजींचा जाच, नवऱ्याच्या मृत्यूनंतरची विटंबना, सारं तिनेच सांगायचं. ते वाचून महाराष्ट्रातली घरं सुधारणेकडे वळली, असं मुक्तिबोध मानतात, आणि आपट्यांच्या करुणेला ते क्रांतिकारी म्हणतात. मला इथे एक गोष्ट फार मोलाची वाटते. पुण्यात छापलेली मराठी कादंबरी आणि उत्तर प्रदेशात लिहिलेल्या हिंदी गोष्टी माळव्यातल्या या एका बाईच्या मांडीवर एकत्र येतात. तिला त्यांत दुजाभाव दिसत नाही. यमूचं रडणं तिला जितकं कळतं तितकंच प्रेमचंदांच्या खेड्यातल्या बाईचं. माळव्यातल्या मराठी घराच्या दुभाषेपणाबद्दल एरवी आपण तक्रारीच्या सुरात बोलतो: धड ना मराठी, धड ना हिंदी. या लेखात तेच दुभाषेपण श्रीमंती होऊन येतं.

पण लेखाचा गाभा पुढे आहे. ही आई गोष्ट वाचून तिथेच थांबत नाही. प्रेमचंदांचं पात्र घेते आणि ओळखीपाळखीच्या माणसांत त्याच्यासारखा कोण आहे ते शोधत बसते. ‘नमक का दरोगा’ वाचून तिने त्यात चक्क नवऱ्याला शोधून काढलं. ही गोष्ट आठवत असेलच. मीठ खात्यात नव्याने लागलेला वंशीधर रात्री यमुनेच्या पुलाजवळ पंडित अलोपीदीनच्या चोरट्या मिठाच्या गाड्या पकडतो. लाचेचा आकडा वाढत वाढत चाळीस हजारांवर जातो, तरी हा ढळत नाही. कोर्टातून पंडितजी सुटतात, वंशीधरची नोकरी जाते, घरी म्हातारा बाप कपाळ बडवून घेतो. शेवटी तोच अलोपीदीन दारात येऊन त्याला आपल्या साऱ्या कारभाराचा व्यवस्थापक नेमतो. पोलीस खात्यातल्या प्रामाणिक माणसाच्या बायकोने ही गोष्ट वाचली तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? नवऱ्याच्या सचोटीचा चटका तर घरच्या चुलीलाच बसतो. त्यापायी किती वेळा मन मारावं लागलं असेल. आता तीच सचोटी छापील गोष्टीत, थोर लेखकाच्या हातून, मानाने उभी आहे. गोष्टीने त्या बाईला स्वतःच्या नवऱ्याकडे पाहायची एक नवी नजर दिली, आणि तिने ती जशीच्या तशी मुलाच्या हाती ठेवली. मुक्तिबोध हा प्रसंग एका वाक्यात उरकतात. त्यावर भाष्य करत नाहीत, भावुक होत नाहीत. मला तर तो सगळ्या लेखाचा कळस वाटतो. वाङ्मयाच्या तासाला आपण पात्राचे स्वभावविशेष लिहून घेतो. या बाईने विचारलं, असा माणूस आपल्यात कोण आहे? प्रेमचंदांच्या पात्रांत ती स्वतःलाही मोजत असे, असं मुलगा सांगतो, कारण ती स्वतः सोसलेली होती. वागण्यात परंपरा पाळणारी, पण पैशाच्या जोरावर उच्च-नीच ठरवणाऱ्यांची मनापासून चीड असलेली.

आता इंदूर. ‘तार सप्तक’मधल्या वक्तव्यात मुक्तिबोध आपल्या किशोरवयाकडे वळून पाहतात तेव्हा त्यांना आधी दिसतात माळव्याची मोकळी मैदानं, क्षिप्रेवरच्या लालभडक संध्याकाळी आणि झाडांच्या सावल्या. हे सौंदर्य आपल्या कवितेचा विषय होऊ शकतं, ही जाणीव मात्र पहिल्यांदा इंदुरात झाली, असं ते नोंदवतात. उज्जैनला असताना रमाशंकर शुक्लांच्या वळणाची कविता त्यांच्यावर प्रभाव टाकून होती. सरळ न सांगता नुसतं सुचवायचं, असं ते वळण, आणि त्यामुळे मांडणी गुंतागुंतीची होई. इंदूरच्या मित्रांच्या संगतीत ती गुंतागुंत सुटली आणि ते स्वतःच्या आत शिरले. पहिलं आत्मभान ते यालाच म्हणतात. लगेच पुढे येते एक कबुली. त्या दिवसांत मनात एक झगडा होता. एकीकडे हिंदीतली नवी सौंदर्यवादी कविता बोलावत होती, दुसरीकडे लहानपणी मनात रुजलेलं मराठी कादंबऱ्यांचं माणुसकीने ओथंबलेलं जग सोडत नव्हतं. त्यांनी सौंदर्य निवडलं. दुसरी ओढ मागे राहिली, पण आपली माणसं मागे राहूनही सोबतच चालत असतात तशी ती सोबत राहिली, अशा अर्थाचं ते लिहितात.

कॉलेजच्या वयातला हा पेच इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांनी टिपला असेल. वय कवितेकडे ओढतं, घरचं वाचन माणसांकडे. सव्विसाव्या वर्षी हे लिहिणारा कवी त्या निवडीची फुशारकी मारत नाही आणि हळहळतही नाही. काळाचा प्रभाव म्हणा की वयाची मागणी, असं म्हणून पुढे जातो. वक्तव्यात आईचं नाव नाही. पण मराठी कादंबऱ्यांचं ते जग कोणाच्या मांडीवर उघडलं होतं, हे आईवरचा लेख शेजारी ठेवला की कळतं. म्हणून मी अकरावी-बारावीच्या मुलांना हे दोन्ही लेख जोडीने वाचायला सांगतो. एका लेखात प्रश्न आहे, दुसऱ्यात तो कुठून आला ते आहे.

आईवरचा लेख नुसता कृतज्ञतेचा असता तर गोड झाला असता. मध्येच तो कडू होतो, आणि तिथेच मोठा होतो. आई देवभोळ्या निरागसपणाने प्रेमचंद वाचून दाखवत होती. किशोरवयीन मनात आपण कसलं वादळ पेरतो आहोत, हे तिला कधी कळलंच नाही, असं मुलगा म्हणतो. या शिकवणीने त्याला संधिसाधू जगाचं गणित येऊ दिलं नाही, परिस्थितीशी जुळवून घेणं अशक्य करून टाकलं. ते वादळ आपल्याला योग्य वाटेने नेतं की अयोग्य, याचा निकालही तो देत नाही. मुक्तिबोधांनी आयुष्यभर ज्या नोकऱ्या धरल्या-सोडल्या, जी ओढगस्त काढली, ती आठवली की या वाक्याचं वजन समजतं. तक्रार आहे, पण आईविरुद्ध नाही. शिकवणी पुरती अंगी लागली, याचीच ती पावती आहे.

मग मुक्तिबोध स्वतःवर उलटतात. आईचं आणि प्रेमचंदांचं दुःख तेवढं आपण घेतलं, त्यांची दृढता, संयम, अढळपणा घेतला नाही. गुरू थोर होती, शिष्य तोकडा निघाला. नाहीतर आपण नुसते प्रयोगवादी कवी होऊन राहिलो नसतो. हे मला पटत नाही, आणि इथे मुक्तिबोधांशी वाद घालायचं धाडस करतो. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले, आणि त्याच वर्षी ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह आला. त्यातली ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता उघडून पाहावी. रात्रीची मिरवणूक निघते, आणि तिच्यात शहरातले प्रतिष्ठित लोक ओळखू येऊ लागतात. चेहरे ओळखायचे, हा माणूस कोण ते नाव घेऊन सांगायचं, हेच तर आईने मॅट्रिकच्या वर्षी शिकवलं होतं! तिने गोष्टीतल्या भल्या माणसांच्या जोड्या ओळखीपाळखीत शोधल्या, मुलाने दुःस्वप्नात ओळखीच्या माणसांचे मुखवटे उतरवले. त्यासाठी लागणारा अढळपणा शिष्यात नव्हता, असं मी तरी मानणार नाही. इंदुरात मागे राहिलेली ती दुसरी ओढ या कवितेत पुढे येऊन हात धरते.

लेखाच्या पुढच्या भागात ते प्रेमचंद आणि नंतरच्या कथासाहित्याची तुलना करू लागतात. विचार महत्त्वाचे आहेत, पण आई पानावरून दूर गेली की गद्य जरा कोरडं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी एक निरीक्षण लख्ख आहे: प्रेमचंद वाचून आपल्याला वाटू लागतं की त्यांच्या पात्रांचं माणूसपण आपल्यातही यावं. वाचनाने माणूस वाढतो म्हणजे काय, याचं याहून साधं वर्णन मला माहीत नाही.

याच घरातला धाकटा भाऊ, शरच्चंद्र मुक्तिबोध, मराठीत कवी आणि समीक्षक झाला. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा कवितासंग्रह १९४९ चा. थोरल्याने प्रेमचंदांची भाषा धरली, धाकट्याने हरिभाऊंची. ज्यांच्या घरी दहावी-बारावीचं मूल वाचतंय, किंवा वहीत लपवून काही लिहितंय, त्यांनी आधी ‘तार सप्तक’चं वक्तव्य वाचावं, ते थोड्याच पानांचं आहे. मग आईवरचा लेख. आणि मग ‘नमक का दरोगा’ घरात मोठ्याने वाचावी, मुलाची ऐकायची मनःस्थिती असो वा नसो.