इनामगावचा पाट आणि त्याचा धनी

खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा आमच्या धायरीच्या शेजारून पुण्याकडे जातो. त्याच्या काठाने फिरावयास जाताना, एवढे पाणी वळविण्यास कोणी सत्ताधीश हवाच, असे सहज मनात येते. इनामगावच्या उत्खननाचा वृत्तांत पुन्हा वाचताना हीच समजूत त्या विद्वत्तापूर्ण ग्रंथातही शिरली आहे की काय, अशी शंका आम्हांस आली.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हे उत्खनन केले. ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांचा वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदलेल्या एका खेड्याचा संसार त्यात उभा राहतो. राजांच्या वंशावळींवर पोसलेल्या आमच्या इतिहासबुद्धीस चुली, धान्याची पेवे आणि सातूचे करपलेले दाणे यांकडे आदराने पाहावयास या ग्रंथाने शिकविले, हे त्याचे थोर ऋण होय.

ग्रंथातील सर्वांत मोलाचा शोध पाटाचा आहे. सुमारे चार मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल असा हा पाट असून त्याच्या जोडीस दगडमातीचा बांध आहे. दुसरा शोध जोर्वे धर्तीच्या खापरांचा. चाकावर घडविलेली, तांबूस अंगावर काळी नक्षी असलेली आणि टिचकी मारताच खणखणणारी ही भांडी तापीपासून भीमेपर्यंत आढळतात. मोठ्या गावांतून ती लहान गावांस पुरविली जात, असे अनुमान ग्रंथकार करतात. इनामगावी कुंभाराची भट्टी सापडल्याने त्यास आधारही मिळतो. परंतु घडणीचे साम्य म्हणजे व्यापार नव्हे. फिरता कुंभारही तीच नक्षी दूर नेऊ शकतो. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतातील होहोकाम लोकांनीही पाट खणून शेती केली. त्यांच्या खापरांतील वाळू तपासून, ती कोणत्या भागात घडली हे संशोधकांनी ठरविले. निर्णय द्यावयाचा तो अशा पुराव्यावर.

आमचा मुख्य आक्षेप मात्र गावच्या मुखियाविषयी आहे. मध्यभागी पाच खोल्यांचे घर, जवळ धान्याचे कोठार, आणि अंगणात चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसविलेला मृत पुरुष. एवढ्यावरून मुखियाची सत्ता, आणि त्या सत्तेवरून पाटाची व्यवस्था, असा हा तर्काचा जिना आहे. त्या पुरुषास गावात मान होता, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मान असणे निराळे आणि पाण्याची मालकी असणे निराळे. खानदेशात पांझरेकाठी चालत आलेली फड पद्धत पाहावी. तेथे शेतकरी स्वतःच पाटकरी नेमतात, पाण्याची पाळी ठरवितात आणि पाटाची दुरुस्ती मिळून करतात. ही पद्धत पुष्कळ अलीकडची असल्याने इनामगावी तीच होती, असे आम्ही म्हणत नाही. पाटावरून राजा सिद्ध होत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. गावास पाणी वाटून घेता येते की नाही, हा प्रश्न आजही कालव्याच्या काठी उभा आहे. माणसे धन्यावाचून एकत्र येतच नाहीत, असे एकदा इतिहासाच्या नावे ठरले, की वर्तमानातही आपण धनीच शोधीत बसतो. या ग्रंथाने पुरावा इतक्या प्रामाणिकपणे मांडला आहे, की त्याच्याच आधारे त्याच्याशी मतभेद करता येतो. वाचकांनी तो अवश्य वाचावा. मात्र पाटापाशी थोडे अधिक थांबावे.