वेळापत्रक : एक आस्वाद

कादंबऱ्यांवर लिहिणारे समीक्षक आपल्याकडे उदंड झाले. पण विमानाच्या वेळापत्रकाकडे साहित्य म्हणून पाहणारा अजून कुणी निघाला नाही. खरं तर ज्या घरातला मुलगा अमेरिकेत आहे, त्या घरात पोथीच्या खालोखाल हेच वाचलं जातं. तेही चष्मा पुसून.

मुंबई–न्यूयॉर्क हा उतारा घ्या. समजा, हिवाळ्यात रात्री १ वाजता विमान सुटलं आणि त्याच तारखेला सकाळी साडेसहाला पोचलं. वाचक म्हणतो, साडेपाच तास! एवढ्यात आमची एस.टी. जेमतेम साताऱ्याला जाते. प्रत्यक्षात प्रवास १६ तासांचा. उरलेले साडेदहा तास लेखकानं दोन गावांच्या घड्याळांमधल्या फटीत दडवलेले असतात.

आता परतीचा उतारा. सकाळी ११ ला निघायचं, मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला. कागदावर २५ तास! म्हणजे जाणं सोपं, येणं कठीण, असा या ग्रंथाचा संदेश. मुलांनी तो फारच मनावर घेतलेला दिसतो.

भूगोलाच्या बाबतीतही लेखक मितभाषी आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात रेघ ओढली, तर वाट अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जायला हवी. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो वर रशियाकडे चढतो, उत्तरेची थंडी खातो आणि मग अमेरिकेत उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट, सुमारे १२,५०० किलोमीटर. अर्थात विमानतळापासून विमानतळापर्यंत. डोंबिवली ते सहार हा प्रवास लेखकानं वाचकाच्या कल्पनाशक्तीवर सोडला आहे.

जुन्या आवृत्त्यांत पात्रं तरी होती. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं विमान मुंबईहून लंडनला प्रथम गेलं, ते कैरो, जिनिव्हा करत. १९६० साली न्यूयॉर्क आलं, तेही लंडनमार्गे. थांबे गेले, तशी गोष्टीतली दुय्यम पात्रंही गेली. आता सोळा तास नायक एकटाच, आणि गुडघे समोरच्या खुर्चीला टेकलेले.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. या पट्ट्यात उंचावरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो विमानाच्या तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासानं चक्क कमीच भरतो. सबंध ग्रंथातली एवढी एकच दिलासा देणारी गोष्ट, आणि नेमकी तीच घड्याळांच्या गोंधळात बुडवून टाकली!

पुढच्या आवृत्तीत परतीच्या ओळीखाली बारीक अक्षरात एवढंच छापावं : 'यायला वेळ कमी लागतो.' हा मजकूर आईवडिलांना पाठ आहेच. एक प्रत तेवढी न्यूयॉर्कला पाठवावी.