उणे ४०, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि आत एक माणूस

या वेळी पेपर बाजूला ठेवू आणि एक फोटोमालिका समजून घेऊ. अलेक्सेय कोंद्रात्येव या फोटोग्राफरची ‘आइस फिशर्स’. जागा कझाकस्तानची राजधानी अस्ताना आणि तिच्यातून वाहणारी इशिम नदी. हिवाळ्यात नदी गोठते, पारा उणे ४०पर्यंत उतरतो. (सेल्सियस की फॅरनहाइट, हे विचारू नका. या एका आकड्यावर दोन्ही जुळतात.) बर्फाला भोक पाडून, गळ सोडून माणसं मासा लागायची वाट बघत बसतात. वाऱ्यापासून वाचायला अंगावर प्लॅस्टिक ओढून घेतात. तेही काय, तर बाजारातल्या मालाची फेकून दिलेली वेष्टनं, एकमेकांना जोडलेली.

बहुतेक फोटोंत दिसतं ते एवढंच: पांढरा बर्फ, जवळजवळ तितकंच पांढरं आकाश आणि मधे एक सुरकुतलेला, धुरकट आकार. आत माणूस आहे हे कळायला क्षणभर जातो.

आता हे प्लॅस्टिक करतं काय ते बघा. अंगाभोवती गरम हवेचा पातळ थर असतो, वारा तो सतत ओढून नेतो. प्लॅस्टिक वारा अडवतं, थर टिकतो. पण साधं पॉलिथीन अंगातून निघणारं अवरक्त प्रारण बरंचसं आरपार सोडतं, त्यामुळे ही काही गोधडी नव्हे. शिवाय वारा अडतो तशी वाफही अडते. श्वासातलं बाष्प आतल्या बाजूला साचतं आणि गोठतं. फोटोत जो दुधी पडदा इतका देखणा वाटतो, त्यात त्या माणसाच्या श्वासाचाही वाटा असणार.

थंडीतल्या कोळ्याचा नेहमीचा फोटो आपल्याला पाठ आहे: दाढीत हिमकण, रापलेला चेहरा, थेट कॅमेऱ्यात बघणारे डोळे. सोसणं विकायचा तो सोपा मार्ग. कोंद्रात्येव तो टाळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि वेष्टन बरंच बोलतं. १९९७मध्ये राजधानी झालेल्या, झपाट्यानं वाढलेल्या शहरात माल कुठून कुठून येतो, आणि नदीवरचा माणूस त्याच्या वेष्टनातून आपला निवारा करतो. आपल्याकडे भातलावणीत खताच्या गोणीची खोळ करतात, तीच अक्कल.

तक्रार इथून पुढे आहे. कॅमेऱ्याचं मीटर बर्फाला करडा समजतं, म्हणून बर्फ पांढरा दिसायला एक-दोन स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. म्हणजे हा पांढरेपणा आपोआप येत नाही, तो फोटोग्राफरचा निर्णय असतो. त्या पांढऱ्यात क्षितिज विरघळतं, शहर मागे सरतं आणि गंमत म्हणजे थंडीसुद्धा. चित्र इतकं मऊ होतं की वारा जाणवतच नाही. एक फोटो थक्क करतो. पण एकापाठोपाठ एक बघत गेलं की माणसाचं शिल्प होतं, आणि हात, गळ, मासा यांच्यापेक्षा प्लॅस्टिकच्या घड्याच लक्षात राहतात.

चेहरा न दाखवणं हा आदर असू शकतो. पण मग काम तरी दिसायला हवं. मालिका जरूर बघा. मला मात्र आणखी एक फोटो हवा होता: पिशवीच्या आतून, गोठलेल्या श्वासाच्या पडद्याआडून बाहेर बघणारा. तिथून नदी कशी दिसते हे आत बसलेल्यालाच माहीत.