‘हलकी’ सिस्टिम म्हणजे नेमकं काय? एका लक्षणाची चिकित्सा

मागच्या व्याख्यानानंतर एक श्रोते थांबले होते. घरी जुना नेटबुक आहे, अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, मेमरी १ जीबी. “सर, यावर लिनक्सची कोणती हलकी सिस्टिम टाकू? पेन्शनचं खातं तेवढं बघायचंय.” आम्ही तेव्हा उत्तर दिलं नाही. प्रश्नातला ‘हलकी’ हा शब्दच आधी तपासायला हवा होता. आज तो तपासू.

इंटरनेटवर ‘दहा हलक्या सिस्टिम’ अशा याद्या पुष्कळ सापडतात. त्यांच्यामागचं लक्षण साधारण असं असतं: सुरू झाल्यावर सर्वांत कमी मेमरी खाते ती हलकी. आता आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितलेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. यातले पहिले दोन इथे सरळ लागू पडतात.

अतिव्याप्ती बघा. टायनी कोअर ही सिस्टिम जेमतेम २३ एमबीची. लक्षणात चपखल बसते. पण मूळ प्रतीत ब्राउझर नाही, देवनागरी फाँट नाही. मराठी मजकुराच्या जागी नुसत्या चौकटी दिसणार. मग आपण एकेक गोष्ट वरून टाकत जातो आणि तो हलकेपणा हळूहळू संपतो.

आता अव्याप्ती. एलएक्सक्यूटी डेस्कटॉप घेतलेली डेबियन यादीत खाली ढकलली जाते, कारण ती सुरू होतानाच काही शे एमबी घेते. पण ६४-बिट प्रोसेसर आणि २ जीबी मेमरी असेल, तर ती रोजच्या कामाला चालते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित मिळतात. शिवाय तो मेमरीचा आकडाही फसवा असतो. लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडतं. म्हणून ‘वापरलेली’पेक्षा ‘उपलब्ध’ मेमरी बघायची. आम्हीही कितीतरी वर्षं चुकीचाच रकाना बघत होतो, हे कबूल करतो.

यातून निघतं काय? हलकेपणा हा सिस्टिमचा गुण नाही, तो संबंध आहे: यंत्र, सिस्टिम आणि काम या तिघांमधला. सिस्टिमने १५० एमबी घेतले की ३००, १ जीबीच्या यंत्रावर उरलेली जागा ब्राउझरच्या दोन-चार टॅब फस्त करतात. ओझं आहे ते आजच्या वेबपानांचं, आणि दोष मात्र जुन्या यंत्राच्या माथी.

आता त्या नेटबुककडे येऊ. एन२७० फक्त ३२-बिट चालवतो. खरी अडचण ही आहे. मेमरीचा प्रश्न नंतरचा. क्रोमने ३२-बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सची नेहमीची आवृत्तीही १४४ नंतर तिथे मिळत नाही. डेबियन १२ वर उभी असलेली अँटीएक्स २३ ही ३२-बिटमध्ये मिळते, सिस्टमडीशिवाय चालते, या यंत्राला झेपेलही. पण तिच्या पायाची मुदत ठरलेली आहे.

म्हणून आमचा क्रम असा: आधी प्रोसेसर ३२-बिट की ६४-बिट, मग दुरुस्त्या कोण आणि कधीपर्यंत देणार, मग काम कोणतं, आणि मेमरी शेवटी. यंत्र ६४-बिट असेल तर लुबुंटू किंवा डेबियन घ्या, मेमरी दाबून वापरणारं झेडरॅम सुरू करा, आणि पैसे खर्चायचेच असतील तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. गंमत म्हणजे हलकी म्हणून नाव झालेल्या लुबुंटूनेच २०१८ मध्ये सांगितलं, की जुनं हार्डवेअर हे आता आमचं मुख्य लक्ष्य नाही.

तर त्या गृहस्थांना आमचं उत्तर: अँटीएक्स जरूर टाका. त्यावर लिहा, पीडीएफ वाचा, भजनं ऐका. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड त्यात वेगळं काही न बसवता मिळतो. पण पेन्शनचं खातं त्यावर उघडू नका. ‘जुना संगणक नव्यासारखा होईल’ हे आश्वासन देणारा तुमच्या खात्याची जबाबदारी घेत नसतो. यंत्र जुनं असणं यात काही वाईट नाही. ते नवं आहे असं समजून वापरणं वाईट.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.