रहस्यकथेतील मेलेली माणसे

सुदुंबऱ्याहून माझ्या वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने वाचून झालेली एक रहस्य-कादंबरी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, "सर, असे खरेच घडते का?" कादंबरीचा साचा परिचित आहे. शहरात एकापाठोपाठ एक खून पडतात. मरणारे सगळे फुटपाथवरचे, झोपडपट्टीतले. डिटेक्टिव्ह माग काढीत एका सरकारी प्रयोगशाळेच्या तळघरात पोहोचतो. तेथे गरिबांच्या देहांवर गुप्त प्रयोग चाललेले असतात. शेवटच्या प्रकरणात एक दुष्ट शास्त्रज्ञ आणि एक भ्रष्ट सचिव पकडले जातात, सरकार पुन्हा शुद्ध होते आणि वाचक दिवा मालवून निवांत झोपतो. मुलाच्या प्रश्नाला 'हो' म्हणणे खोटे ठरले असते आणि 'नाही' म्हणणे त्याहून खोटे. हा लेख त्या अडचणीतून लिहिला आहे.

रहस्यकथेला नाक मुरडण्याचा माझा हेतू नाही. ते काम प्रस्थापित समीक्षेने पुरेसे केले आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर हे एस.टी. स्टँडवर आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांत वाचले गेले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हते, त्यांतल्या कितीतरी मुलांना वाचनाची गोडी या पुस्तकांनी लावली. आमच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज आलेले पहिले पुस्तक रद्दीतून आणलेले शिरवळकरांचेच होते. म्हणूनच या वाङ्मयाला गंभीर प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे. रहस्यकथेत मेलेला माणूस कोण असतो? त्याचे पुढे काय होते?

कल्पित गोष्ट बाजूला ठेवून महाराष्ट्रात घडलेली गोष्ट घेऊ. १९६५-६६ साली मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी रात्री ठेचली जाऊ लागली. संशयावरून एक माणूस पोलिसांच्या हाती लागला. पण पुरावा नव्हता, त्याला सोडून द्यावे लागले. १९६८ साली खुनांचे सत्र पुन्हा सुरू झाले. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास झाला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये फौजदार ॲलेक्स फियालो यांनी वर्णनावरून ओळखून रामन राघवला पकडले. त्याने किती माणसे मारली? कोठे २३ छापले जाते, कोठे ४१. ज्या माणसांची शिरगणती ती जिवंत असताना धड होत नाही, त्यांच्या मरणाचा आकडा तरी कसा जुळावा?

या प्रकरणावर १९९१ साली श्रीराम राघवन यांनी चित्रपट केला, २०१६ साली अनुराग कश्यप यांनी त्याच नावाला '२.०' जोडून दुसरा केला. दोन्हींच्या शीर्षकात खुन्याचे नाव आहे. मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव वाचकाने आठवून पाहावे. आठवणार नाही. मारेकऱ्याला चरित्र आणि मेलेल्याला केवळ क्रमांक, ही विभागणी रहस्यकथेच्या रचनेतच आहे. प्रेत हे तिच्यात कथानकाची किल्ली असते. ती फिरवली की तिचे काम संपते.

आता 'गुप्त सरकार' या कल्पनेकडे येऊ, कारण ती रामन राघवपाशीही होती. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. ती कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. मंडळाने नोंदवलेल्या त्याच्या समजुती अशा : देशात अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे अशी तीन सरकारे आहेत, ती आपला छळ करतात, सरकारनेच आपल्याला मुंबईत आणून गुन्हे करायला लावले, जग दोन आहेत, एक 'कानून'चे आणि एक हे. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. आपण 'कानून'चे प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

हा तपशील मला सगळ्या प्रकरणात सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. स्पर्श नाकारणे ही ज्या समाजात सत्तेची खूण आहे, तेथे वेड्याच्या मनातसुद्धा सत्ता स्पर्श नाकारण्याच्याच रूपात उभी राहते. याचा अर्थ त्याला विद्रोही ठरवावे असा नाही. तो मोह आपल्या काही तरुण कवींना होतो, म्हणून स्पष्ट सांगतो : त्याने कोणत्याही सरकारवर हात उचलला नाही, ज्यांच्या दाराला कडी नव्हती त्यांनाच मारले.

त्याचे गुप्त सरकार हा भ्रम होता. मग सरकार गरिबांच्या देहाशी खेळत नाही काय? खेळते. परंतु तळघरात नव्हे. अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून ४० वर्षे सरकारी आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांपासून दूर ठेवले. रोग कसा वाढतो हे पाहायचे होते. पेनिसिलिन आल्यावरही ते दिले नाही. ज्यांच्या देहावर हे चालले होते त्यांना फसवण्यात आले. पण वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे निबंध छापले जात होते आणि डॉक्टर ते वाचत होते. १९७२ साली वृत्तपत्रांनी वाचा फोडली. त्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली.

आपल्याकडे १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. १९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातील, सरकारी भाषेत 'मतिमंद' म्हटल्या गेलेल्या स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण सांगितले गेले. स्त्री-संघटनांनी निषेध केल्यावर हा कार्यक्रम थांबवावा लागला. याला प्रयोग म्हणावे की व्यवस्थापन, यावर वाद होईल. पण गुप्त असे त्यात काही नव्हते. शस्त्रक्रिया सार्वजनिक रुग्णालयात झाल्या आणि कारण उजळ माथ्याने सांगितले गेले.

याच ससूनमध्ये पुढच्या वर्षी, १९९५ साली, मूत्रपिंडाच्या विकाराने रामन राघव वारला. मन रोगी असल्याचे ठरल्यामुळे त्याची फाशी जन्मठेपेत बदलली होती. ते योग्यच झाले. खुन्याचे मन जाणण्यासाठी तीन तज्ज्ञ पाच वेळा त्याच्यासमोर बसले, ही कायद्याची प्रतिष्ठा आहे. मग शिरूरच्या त्या निरपराध स्त्रियांच्या मनाचा ठाव घ्यायला कोण बसले होते? रहस्यकथेला हा प्रश्न पडत नाही, कारण येथे शोधायला गुन्हेगार नाही. सही आहे, शिक्का आहे, नोंदवही आहे.

'गुप्त' हा शब्द म्हणूनच घातक आहे. अन्याय दडवलेला होता, आम्हाला ठाऊक नव्हते, अशी सोय तो मध्यमवर्गीय वाचकाला करून देतो. जे दिवसाढवळ्या घडते त्याला डिटेक्टिव्ह लागत नाही; पाहण्याची तयारी लागते.

मग आमच्या लेखकांनी रहस्यकथा लिहूच नये काय? जरूर लिहावी, पण दृष्टी फिरवून. वाट दाखवणारे पुस्तक १९८७ सालीच आले आहे : लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली तो कायदा गेल्यावरही ज्यांच्या कपाळावरचा शिक्का गेला नाही, त्यांतला एक माणूस तेथे बोलतो. पोलीस झडतीला येतात तेव्हा लेखक झोपडीच्या आत असतो. मराठी रहस्यकथेने ही जागा कधी घेतली नाही.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी त्याच्याच गावाचा दाखला दिला. सुदुंबऱ्यात संताजी जगनाड्यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग उतरून घेणारा हा तेली. गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली, ही कथा मावळात पोराटोरांना ठाऊक आहे. कोणी लावली हेही ठाऊक आहे. त्यात रहस्य काही नाही. तरी अभंग उरले, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले होते आणि अनेकांनी ते पाठ केले होते. "तुझी कादंबरी मला आवडली," मी त्याला म्हणालो. "फक्त तिच्यात मेलेल्यांची नावे नाहीत. तू लिहिशील तेव्हा ती आधी लिही."

पुस्तक घेऊन तो गेला. जाताना त्याने विचारले, "नावे कुठे मिळतील, सर?" या प्रश्नापासून आमच्या समीक्षेचे आणि आमच्या रहस्यकथेचेही काम सुरू व्हायला हवे.