टॅक्सीवाला आणि आपले अश्रू

मुंबईच्या टॅक्सीवाल्यावर आपल्याकडे दोन लक्षात राहणारे चित्रपट निघाले. १९५४ साली आलेला चेतन आनंद यांचा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि १९७८ साली आलेला मुझफ्फर अली यांचा ‘गमन’. दोन्ही पाहिल्यावर एक प्रश्न मनात घोळत राहतो. टॅक्सीवाला आपल्याला खरोखर दिसला आहे काय?

पहिल्या चित्रपटातला मंगल म्हणजे देव आनंद. त्याच्या हाती टॅक्सी म्हणजे ऐट. मुंबईचे रस्ते जणू त्याच्यासाठीच बांधलेले! चित्रपट रंजक आहे, यात शंका नाही. पण मंगलची गाडी पेट्रोलवर चालण्याऐवजी त्याच्या हसण्यावर चालते की काय, असे वाटते.

‘गमन’मधला गुलाम हसन उत्तरेतले गाव सोडून येतो. मागे आई आणि बायको. फारूख शेख आणि स्मिता पाटील यांनी ही ताटातूट फार संयमाने रंगवली आहे. शेवटी गुलाम स्टेशनवर येतो, पण गाडीत चढत नाही. भाड्यालाच बचतीचा मोठा वाटा जाणार! माझ्यासारख्या शाळामास्तराला वाटते, ही सारी शोकांतिका म्हणजे एक साधी वजाबाकी आहे. तिच्यापुढे तत्त्वज्ञान थिटे पडते.

आता आपल्याकडे वळू या. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपवून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तेव्हा केवढे हळवे लेख आले! त्यांत काळ्या-पिवळ्या रंगाची आठवण होती, टपावरच्या कॅरियरची होती. चालवणाऱ्याच्या कर्जाची मात्र क्वचितच. आपण यंत्रासाठी रडलो.

धूर कमी झालाच पाहिजे. दिवसभर त्या धुरात बसतो तो टॅक्सीवालाच, म्हणून स्वच्छ गाडी प्रथम त्याच्या फुप्फुसांच्या हिताची. सन २००० च्या सुमारास उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या, ते योग्यच झाले. आता विजेची गाडी आली आहे. तिचा रोजचा खर्च कमी, पण किंमत जास्त. आणि ती चार्ज होत असते तेवढा वेळ मीटर गप्प. हवा सर्वांची, हप्ता मात्र एकट्याचा! हे गणित कोणत्या इयत्तेत बरोबर धरतात? जुन्या गाडीचे रास्त मोल, हलक्या व्याजाचे कर्ज आणि धंदा मंदावल्यास हप्त्याला सवड, एवढे समाजाने दिले तर ते उपकार ठरणार नाहीत. ती आपल्या वाटणीची फेड होईल.

‘गमन’ने गुलामला स्टेशनवर उभे केले आणि तिथेच सोडले. कलावंताचे काम तिथे संपते. प्रेक्षकाचे तिथून सुरू होते. या दिवाळीत टॅक्सीने भाऊबिजेला निघाल, तेव्हा वाचकहो, पुढच्या आसनावरल्या माणसाला एवढेच विचारा : “दादा, तुमचे घर कुठे? शेवटचे कधी गेला होता?”